तिसऱ्या फेरीचे फोटो

१

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मोठ्या बाईंच्या लक्षात आलं, की आपल्या विभागातून फोटोंचा एक अख्खा संच गायब झाला आहे. आणि तो गायब झाला आहे याचा बाकी कुणालाही पत्ता नाही. त्यांना जास्त राग यातल्या कशाचा आला, हे सांगणं अवघड आहे.

बाई त्या दवाखान्याच्या क्ष-किरण विभागाच्या प्रमुख. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सगळं त्यांच्या हाताखाली. एकोणतीस वर्षं माणसांच्या आतलं बघण्यात गेली होती आणि त्यामुळे माणसं बाहेरून जे काही बोलतात त्यावरचा त्यांचा विश्वास हळूहळू उडाला होता. त्यात तो दिवसच वाईट होता. लिफ्ट सकाळपासून बंद. रिपोर्ट लिहायच्या खोलीतला एसी गळत होता, त्याखाली ठेवलेली बादली भरली तरी कुणी उचलत नव्हतं. आणि समोरच्या खुर्चीत एक हवालदार टोपी गुडघ्यावर ठेवून अर्धा तास बसून होता.

हवालदाराला एक रिपोर्ट हवा होता. सकाळी एका फर्निचरवाल्याला दाखल केलं होतं. कारखान्यात धाकट्या भावाने ढकललं, डाव्या किडनीला मार बसला, अशी तक्रार. तातडीच्या विभागाने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं होतं आणि धाकटा बारा वाजल्यापासून चौकीत बसला होता. रिपोर्टात किडनीला गंभीर दुखापत असं आलं, तर तो काही आज-उद्या घरी जाणार नव्हता. विभागातल्या ज्युनिअर डॉक्टरने रिपोर्ट लिहून ठेवला होता. फक्त बाईंची सही राहिली होती.

“सही झाली की मी निघालो,” हवालदार तिसऱ्यांदा म्हणाला.

फोटो स्वतः बघितल्याशिवाय बाई सही करत नसत. त्यांनी कॉम्प्युटरवर पेशंट उघडला.

किडनी आणि तिथून निघणारी मूत्रनळी यांना इजा झाली आहे का हे बघायचं, तर असा स्कॅन तीन फेऱ्यांत होतो. पहिली फेरी साधी. दुसरी शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उजळ दिसणारं औषध, दिल्यावर लगेच. त्यात किडनी उजळून निघते. आणि तिसरी दहा-पंधरा मिनिटं थांबून. तोवर डाय लघवीत उतरून नळ्यांमधून खाली मूत्राशयाकडे निघालेला असतो. नळी कुठे फुटली असेल, तर ती याच तिसऱ्या फेरीत दिसते. बाकीच्या दोन फेऱ्यांत नळीचं काहीही कळत नाही.

इथे फेऱ्या दोनच होत्या. रिपोर्टाच्या शेवटी ज्युनिअरने लिहिलं होतं, “तिसरी फेरी घेतलेली नाही.”

बाईंच्या कपाळावर आठी चढली. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. प्रत्येक तपासणीनंतर मशीन स्वतःहून एक पान बनवतं, पेशंटला किती किरण दिले त्याचं. ते पान सहसा कुणी उघडून बघत नाही. त्यावर तीन ओळी होत्या. बारा एकतीस, बारा तेहतीस, बारा अठ्ठेचाळीस.

मशीनने तीन वेळा किरण सोडले होते. फोटो मात्र दोनच वेळचे होते.

“काही गडबड आहे का?” हवालदाराने विचारलं.

बाई म्हणाल्या, की पाणी प्या, पंखा लावा, पण सही लगेच मिळणार नाही.

२

सीटीचा तंत्रज्ञ दिवसभर पेशंटना “श्वास घ्या, धरा, सोडा” सांगत असे, म्हणून अख्खा दवाखाना त्याला श्वासराव म्हणे. बाईंनी बोलावलं तेव्हा त्याचा स्वतःचाच श्वास अडकला. गेल्याच महिन्यात एका पेशंटच्या दंडात डाय शिरेबाहेर सांडला होता आणि त्याची चौकशी अजून मिटली नव्हती. त्यामुळे कुठलाही प्रश्न विचारला, की तो आधी आपण निर्दोष असल्याचं सांगायचा आणि मग प्रश्न काय होता ते विचारायचा.

त्याचं म्हणणं, तिसरी फेरी त्याने घेतली होती. शंभर टक्के घेतली होती. पेशंट कण्हत होता पण हलला नव्हता, फोटो स्वच्छ आले होते. ते कॉम्प्युटरवर चढल्याचं बघून तो एक वाजता जेवायला गेला. परत आला तो पावणेदोनला. फोटोंमध्ये काय दिसलं, ते विचारल्यावर त्याने हात वर केले. ते बघणं डॉक्टरांचं काम, असं त्यालाच दहा वेळा सुनावलेलं होतं.

मग फोटो कुणी पुसले, हे कॉम्प्युटरवाल्याला फोनवर विचारलं. त्याने दहा मिनिटं ताटकळत ठेवून सांगितलं, की एक संच एक वाजून बावीस मिनिटांनी पुसला गेला आहे, सीटीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. कुणाच्या नावाने? तर विभागाच्या. पासवर्ड सगळ्यांचा एकच होता आणि तो पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला होता. तो तिथून काढा, असं बाईंनी वर्षभरात चार वेळा लेखी कळवलं होतं. पुसलेलं परत आणता येईल का? येईल, म्हणाला, पण बाहेरच्या कंपनीला कळवावं लागेल, परवापर्यंत बघू. बाईंनी फोन ठेवला.

आता ज्युनिअर. हुशार मुलगी, पण घाईची. तिचं म्हणणं, ती एक चाळीसला रिपोर्ट लिहायला बसली तेव्हा दोनच फेऱ्या होत्या. तिसरी नाही म्हणजे घेतली नसणार. श्वासराव पावणेदोनला समोरच्या खोलीत परत आला होता, त्याला विचारलं का? नाही विचारलं. फोन केला का? नाही. पेशंटला जाऊन बघितलं का? नाही, कारण कागदावर लिहिलेलंच होतं ना, की ढकलल्यामुळे लागलं. डाव्या किडनीभोवती पाणी दिसत होतं. मार लागला, किडनीला इजा, आतून गळती. सरळ तर आहे.

“सरळ आहे म्हणूनच विचारायचं असतं,” बाई म्हणाल्या.

दोघंही गेल्यावर त्या खुर्चीत मागे रेलल्या. श्वासरावने फेरी बिघडवली आणि लपवायला पुसली, असं कुणालाही वाटलं असतं. पण ते किरणांचं पान तो रोज उघडायचा. रजिस्टर त्यावरूनच भरायचा. त्याला काही लपवायचं असतं, तर त्याने ते पान सगळ्यात आधी उडवलं असतं. ज्युनिअरला लपवायला काहीच नव्हतं. फोटो पुसले गेले तेव्हा तिने रिपोर्टाचा पहिला शब्दही लिहिला नव्हता. म्हणजे पुसणारा तिसराच कुणी होता. त्याला फोटो बघून समजत होते, पण मशीनच्या सवयी माहीत नव्हत्या.

त्यांनी पुन्हा पहिल्या दोन फेऱ्या उघडल्या आणि या खेपेला सावकाश बघितल्या. किडनीची कड गुळगुळीत होती. कुठे चीर नाही, कुठे रक्ताची गाठ नाही. भोवतालचं पाणी नितळ दिसत होतं; रक्त असतं तर ते गढूळ दिसलं असतं. आणि पाणी किडनीपाशी थांबलं नव्हतं, पाठीच्या स्नायूच्या कडेने खाली ओघळलं होतं. अगदी तळाशी, कंबरेच्या हाडाच्या आत, तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका होता. ज्युनिअरने लिहिलं होतं, “किरकोळ ठिपका, महत्त्वाचा नाही.”

ही किडनी कुणाच्याही ढकलण्याने फुटलेली नव्हती.

३

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद. बाई प्रत्येक वळणावर थांबून लिफ्टवाल्याच्या नावाने बोटं मोडत वर पोचल्या.

फर्निचरवाला चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. अंगात ताप, ओठ कोरडे, डावी कूस हाताने दाबून पडला होता. उशाशी त्याची बायको आणि पायाशी त्याची आई. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

बाईंनी त्याला कुशीवर वळायला लावलं आणि सदरा वर केला. पाठीवर ओरखड्यासह तळहाताएवढा निळा-हिरवा वण होता. तो उजव्या बाजूला होता. डाव्या बाजूच्या कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.

“कुठे लागलं तुम्हाला?”

“बाकाचं टोक लागलं पाठीत. त्याने ढकललं तेव्हा.”

“आणि दुखतंय डावीकडे.”

त्याने सदरा खाली ओढला. याआधी किडनीचा, खड्याचा त्रास, एखादं ऑपरेशन? नाही म्हणाला. पटकन म्हणाला, आणि म्हणताना बायकोकडे बघितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी तोच प्रश्न तिला विचारला. तिनेही मान हलवली. यांना काय झालंय ते डॉक्टरांना कळायला नको का, असं बाई जरा चढ्या आवाजातच म्हणाल्या. बायको म्हणाली, की जे झालं ते सकाळीच लिहून दिलंय, दिराने ढकललं, आणखी काय सांगायचं.

आई मात्र बाईंच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. गुडघे दुखत होते, तरी आली. तिचे दोन मुलगे, एक वर पडलेला आणि एक चौकीत. सकाळपासून कुणी तिचं ऐकून घेतलं नव्हतं. आता ऐकणारं माणूस मिळाल्यावर तिने सगळं भडाभडा सांगितलं.

भांडण परवा सकाळी झालं. घराच्या मागेच कारखाना, त्यामुळे तिने ते डोळ्यांनी बघितलं. खिडक्यांच्या चौकटी गाडीत चढवायच्या होत्या. धाकटा एक टोक धरून उभा आणि थोरला नुसता स्टुलावर बसून. धाकट्याने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. थोरला म्हणाला, मला जमत नाही. का जमत नाही, ते सांगेना. गाडीवाला खोळंबलेला. शब्दाला शब्द वाढत गेला, धाकट्याने चौकट टाकली आणि याचा खांदा धरून ढकललं. बाकावर आपटला, तो उजव्या अंगावर.

“पण तो आदल्या रात्रीपासूनच वाकून चालत होता, बाई. मी विचारलं तर म्हणाला, कंबर धरलीय. माझ्या धाकट्याचा हात लागायच्या आधीपासून याला दुखतंय. हे मी सकाळी सांगायला गेले, तर सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही मध्ये बोलू नका.”

आदल्या दिवशी तो कुठे गेला होता का, असं बाईंनी विचारलं. म्हातारीने आठवलं. रविवारी दोघं नवरा-बायको सकाळीच बाहेर पडले होते, सूनबाईच्या भावाकडे. संध्याकाळी परतले तेव्हा थोरला रिक्षातून उतरायला पाच मिनिटं घेत होता. या दवाखान्यात आणायचंही सूनबाईच्या भावानेच फोनवरून सांगितलं होतं.

बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. ढकललं जाण्याच्या आधीपासून दुखत होतं. मार उजवीकडे, पाणी डावीकडे. आणि ज्या फोटोत खरं काय ते दिसलं असतं, ते फोटो पुसलेले. पुन्हा स्कॅन करायचा, तर पुन्हा डाय द्यावा लागणार, आणि तापाने फणफणलेल्या माणसाच्या किडन्यांवर एका दिवसात दोनदा तो भार टाकायला त्या तयार नव्हत्या.

मग त्यांना एकदम स्वतःचाच राग आला. एवढी साधी गोष्ट सुचायला तीन मजले चढावे लागले. फोटो कॉम्प्युटरवरून पुसता येतात. डाय पुसता येत नाही. तो अजून त्या माणसाच्या पोटात होता.

४

साधा एक्स-रे. ना सुई, ना डाय. ज्या नळीतून लघवी गळत असेल, तिथे दुपारी दिलेला डाय साचून राहिलेला असणार, आणि डाय एक्स-रेमध्ये पांढराशुभ्र दिसतो. सीटीइतकं बारीक कळणार नाही, पण कुठे गळतंय ते नक्की कळेल. फक्त उशीर करून चालणार नव्हतं. जितका वेळ जाईल तितका तो फिका पडणार.

हे पाच मिनिटांचं काम. त्याला पन्नास मिनिटं लागली. लिफ्ट बंद म्हणून पेशंटला स्ट्रेचरवरून जिन्याने उतरवायचं, तर चार माणसं हवीत. दोन सापडली, तिसरा लेखी हुकूम मागू लागला. शेवटी स्ट्रेचरची एक बाजू हवालदाराने धरली. त्याला सही हवी होती आणि सही या माणसाच्या पोटातून येणार आहे, एवढं त्याला समजलं होतं. जिन्यात बाई पुढे चालत प्रत्येकाला सावकाश, सावकाश म्हणत होत्या, आणि पेशंटची बायको मागे राहिली होती. तिने पदराआड फोन लावलेला बाईंनी बघितला. कुणी तो उचलला नसावा, कारण ती पुन्हा पुन्हा लावत होती.

श्वासरावने एक्स-रे काढला. या वेळी त्याने फोटो पडद्यावर आल्यापासून खुर्ची सोडली नाही.

उजवीकडे सगळं जिथल्या तिथे होतं. डावीकडे किडनीत डाय होता आणि नळीतूनही तो खाली आला होता. अगदी कंबरेच्या हाडापर्यंत सरळ, अखंड रेघ. तिथे रेघ संपली आणि एक वेडावाकडा पांढरा डाग पसरला होता, शाई सांडल्यासारखा. ज्युनिअरचा तो किरकोळ ठिपका बरोबर त्याच्या कडेला होता. नळीच्या बाहेर.

ज्युनिअर मागे उभी होती. बाईंनी तिला विचारलं, की पाठीत मार बसून नळीला इजा होते तेव्हा कुठे होते. वर, म्हणाली ती, किडनीला नळी जिथे जोडलेली असते तिथे, धक्क्याने ताण येतो म्हणून. इतक्या खाली? खाली कमरेच्या हाडांच्या आत ती सुरक्षित असते. तिथे बाहेरून मार पोचत नाही.

“मग तिथे काय पोचतं?”

ज्युनिअरने बराच वेळ फोटोकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “दुर्बीण.”

मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण वर घालायची आणि नळीत अडकलेला खडा काढायचा. सराईत हाताचं रोजचं काम. पण खडा ओढताना नळी फाटली, तर ती इथेच फाटते. आणि खड्याची एखादी कणी फाटलेल्या जागेतून बाहेर पडून राहते.

म्हणजे रविवारी कुणीतरी या माणसाचा खडा काढला होता, आणि नवरा-बायको दोघंही त्याबद्दल मूग गिळून बसले होते. बाईंनी फोटो पुन्हा मोठा करून बघितला आणि मग त्या उभ्याच राहिल्या. डागाच्या खाली, मूत्राशयापर्यंत, नळीचा जो शेवटचा तुकडा असायला हवा, त्यात डायचा थेंबही नव्हता. नळी नुसती फाटली नव्हती. ती तुटली होती.

५

ऑपरेशन थिएटर खालच्याच मजल्यावर होतं. तिथल्या सिस्टरना बाईंनी सांगितलं, की एक तातडीचं ऑपरेशन घ्यावं लागेल, आणि पेशंटचं वर्णन केलं. सिस्टर म्हणाल्या, तो तर आधीच यादीत आहे. त्यांनी चिठ्ठी काढून पुढे केली. संध्याकाळी साडेपाच, डाव्या मूत्रनळीत स्टेंट घालणे. मूत्रविकाराच्या डॉक्टरांची सही. वेळ, एक वाजून पस्तीस मिनिटं.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. एक पस्तीसला ज्युनिअरचा रिपोर्टसुद्धा लिहून झाला नव्हता. आणि नंतर लिहिला तो किडनीला मार असा. त्यात पेशंटला नुसतं झोपवून ठेवतात, नळीत स्टेंटची बारीक पोकळ काडी कुणी घालत नाही. डाव्या नळीला भोक आहे हे त्या वेळी जगात एकाच ठिकाणी दिसत होतं, आणि ते एक बावीसला पुसलं गेलं होतं.

मूत्रविकाराचे डॉक्टर बाईंचे जुने विद्यार्थी. कामसू, अबोल, दवाखान्यातल्या सगळ्यांचे लाडके. बाई त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा ते टेबलाशी बसले होते. समोर फोन पडला होता आणि तो थरथरत होता. ते उचलत नव्हते. पडद्यावर नाव आलं होतं, “ताई”.

तेव्हा बाईंना उरलेलं समजलं.

“फर्निचरवाल्याची बायको तुझी बहीण,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. मेहुण्यांना खडा होता, दवाखान्यात नंबर लागायला दोन महिने होते, आणि बहीण रोज फोन करत होती. एका मित्राच्या छोट्या क्लिनिकमध्ये दुर्बीण होती. बाहेर ऑपरेशन करायला इथल्या डॉक्टरांना बंदी, म्हणून रविवारी गुपचूप बोलावलं आणि कुणालाही सांगायचं नाही असं मेहुण्यांकडून कबूल करून घेतलं. क्लिनिकमधलं एक्स-रे मशीन त्या दिवशी बंद होतं. नळीत कुठे आहोत ते न बघताच त्यांनी खडा ओढला. जरा जास्त ओढावा लागला. आला, पण आला तेव्हा हाताला काहीतरी वेगळं लागलं. आत स्टेंट घालून बघितला, गेला नाही. सूज असेल असं मनाला समजावलं आणि पेशंटला घरी पाठवलं. सकाळी बहिणीचा फोन आला, ताप आहे, परवा दिरानेही ढकललंय. हे ऐकल्यावर पहिल्यांदा त्यांच्या मनात जे आलं, ते सुटकेचं होतं. मार बसल्याचं सांग, खड्याचं बोलू नकोस, एवढं ते बहिणीला म्हणाले.

“आणि धाकटा चौकीत बसला, ते?”

त्यांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, की आज संध्याकाळी स्टेंट घातला असता, गळती थांबली असती, आठ दिवसांत सगळं मिटलं असतं. पोलीस केसही पुढे ढिली पडली असती.

बाईंच्या डोक्यात सकाळपासूनची लिफ्ट, बादली, पासवर्ड, सगळं एकदम उसळून आलं, पण त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी एक्स-रेची फिल्म त्यांच्यापुढे धरली.

“डागाच्या खाली बघ.”

डॉक्टरांनी बघितलं.

“खाली नळीत डाय नाही. म्हणजे वरचं टोक खालच्याला जोडलेलंच नाही. तू स्टेंट कशात घालणार होतास? रविवारीही तो म्हणूनच गेला नाही. आज तू तासभर धडपडला असतास, मग सूज आहे म्हणून दोन दिवस थांबला असतास, आणि तोवर याची किडनी सडली असती. तिसऱ्या फेरीत हे सगळं स्वच्छ दिसत होतं. तू ती बघितलीस ना?”

“बघितली,” डॉक्टर म्हणाले. “गळती दिसली. त्यापुढे बघवलं नाही.”

आपण आत येऊ का, मदतीला, असं त्यांनी विचारलं. बाई नाही म्हणाल्या. या हातांनी तर नाहीच. त्यांनी तिथल्याच फोनवरून दवाखान्याच्या मोठ्या सर्जनना बोलावून घेतलं आणि मग एक कोरा कागद डॉक्टरांपुढे ठेवला. रविवारपासून आजपर्यंत, वेळेसकट, सगळं लिही म्हणाल्या. त्या खोलीबाहेर पडल्या तेव्हा फोन पुन्हा थरथरू लागला होता.

६

ऑपरेशनला तीन तास लागले. मोठ्या सर्जननी पोट उघडून तुटलेल्या नळीचं वरचं टोक शोधलं, खराब झालेला भाग कापला आणि ते नव्याने मूत्राशयाला जोडलं. साचलेली लघवी काढली. बाहेर येऊन त्यांनी म्हातारीला सांगितलं, की किडनी वाचली आहे. आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. म्हातारीने त्यांचे हात धरले आणि मग लगेच दुसऱ्या मुलाचं विचारलं.

दुसऱ्या मुलाचं असं झालं, की बाईंनी आपला रिपोर्ट लिहिला, इजा माराची नाही, दुर्बिणीची आहे असं त्यात स्पष्ट म्हटलं आणि खाली सही केली. हवालदाराने तो वाचला आणि डोकं खाजवलं. रिपोर्ट ठीक आहे, म्हणाला, पण तक्रार वहिनीची आहे. ती उभी असेपर्यंत धाकट्याला सोडायचं कसं? तिला जबाब बदलावा लागेल. बाईंना वाटलं, आता हे उद्यावर जाणार, उद्याचं परवावर, आणि ती बाई भावासाठी काखा वर करणार. डॉक्टरांचा लेखी कागद अजून त्यांच्या टेबलावर अर्धाच होता.

पुढे धाकटा त्याच रात्री सुटून आला. दवाखान्याने डॉक्टरांना कामावरून दूर केलं आणि चौकशी बसवली. तिचा निकाल यायचा तेव्हा आला आणि त्यांना काही काळ डॉक्टरकी करता आली नाही. थोरला सोळाव्या दिवशी घरी गेला. पासवर्डची चिकटपट्टी निघाली, हेही सांगायला हवं. पण बाईंच्या मनात त्या दिवसातलं राहिलं ते रिपोर्टच्या खोलीत घडलं.

बायको स्वतःहून आली. ऑपरेशन संपल्याचं कळल्यावर ती नवऱ्याकडे गेली नाही, भावाकडेही गेली नाही, सरळ खाली आली आणि हवालदारासमोर बसली. डोळे सुजले होते, पण आवाज नीट होता. म्हणाली, सकाळचा जबाब खोटा नव्हता, अर्धा होता. उरलेला लिहून घ्या.

हवालदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, की घाई नाही, रात्रभर विचार करा, घरच्यांशी बोला, उद्या सकाळी येतो. ती म्हणाली, उद्या सकाळी मला जमणार नाही. मग तिने सगळं सांगितलं. रविवार, क्लिनिक, रिक्षा, सकाळचा फोन. दीर निर्दोष असल्याचं तिला सकाळी माहीत नव्हतं, शंका होती. दुपारी दीडच्या सुमारास भाऊ सीटीच्या खोलीतून बाहेर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. त्यानंतर सात तास ती गप्प बसली होती. तेही लिहा, म्हणाली.

बाई पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

हवालदार लिहीत होता. एका रकान्यापाशी तो थांबला. “ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी तुमचं नातं?”

बादलीत एसीचं पाणी टपटपत होतं.

“भाऊ,” ती म्हणाली.

“सख्खा?”

“सख्खा. माझ्या पाठचा.” मग हवालदाराचं पेन हललं नाही, हे बघून तिने पुन्हा सांगितलं, “लिहा. पाठचा भाऊ.”